भोपळ्याची किंमत

कोणत्याही आयटी पार्कच्या लॉबीत जा. सिक्युरिटीवाला बॅग उघडून बघतो, रिसेप्शनवरची मुलगी व्हिजिटर पास देते आणि मग लिफ्टची वाट बघत तुम्ही ज्या वस्तूसमोर उभे राहता, तिला ‘शिल्प’ म्हणतात. स्टीलची दोन वळणं, मध्ये लाकडाचा ओंडका, एखादा काचेचा तुकडा आणि मधोमध मोठ्ठं भोक. आपण त्या भोकातून पलीकडची कुंडी बघतो, मोबाइल चेक करतो आणि सहाव्या मजल्यावर निघून जातो.

माझी एक मैत्रीण अकाउंट्समध्ये आहे. असंच एक शिल्प बघून तिने मला विचारलं होतं, ‘‘याचे पैसे भोक धरून दिले असतील की वजा करून?’’

हसू नका. शिल्पकलेतला हा एकदम सीरियस प्रश्न आहे आणि आजचा कॉलम त्या भोकाबद्दलच आहे.

आधी थोडा फंडा क्लिअर करू. वस्तूने जी जागा व्यापली ती पॉझिटिव्ह स्पेस. वस्तूच्या आत, मध्ये आणि भोवती जी जागा उरली ती निगेटिव्ह स्पेस. कलासमीक्षेच्या पुस्तकी मराठीत यांना धन अवकाश आणि ऋण अवकाश म्हणतात. पण ‘ऋण’ म्हटलं की आपल्या पिढीला थेट होम लोनचा ईएमआय आठवतो, म्हणून मी आपली साधं ‘भरीव’ आणि ‘पोकळ’ म्हणते.

पोकळ म्हणजे ‘काहीच नाही’ असं वाटत असेल तर पाणीपुरी आठवा. भय्या अंगठ्याने पुरीला भोक पाडतो, कारण त्याचा सगळा धंदा आतल्या रिकाम्या जागेवर चालतो. न फुगलेली चपटी पुरी तो बाजूला टाकतो. पीठ तेच, तेल तेच, फक्त पोकळी नाही. डेस्कवरच्या कॉफी मगचा कान बघा. चिनीमाती बाजूला आहे, आपण बोट घालतो ते भोकात. चित्रकलेच्या क्लासमध्ये एक जुना व्यायाम देतात. खुर्ची काढायची नाही, खुर्चीच्या पायांमधल्या मोकळ्या जागांचे आकार तेवढे काढायचे. ते नीट जमले तर कागदावर आपोआप खुर्ची उभी राहते. लंच अवरमध्ये ट्राय करून बघा. जाम मजा येते.

हे भोक शिल्पात मुद्दाम, मिरवून आलं त्याला आता जवळजवळ शंभर वर्षं होतील. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडमध्ये बार्बरा हेपवर्थने दगडाच्या अमूर्त आकाराला आरपार छिद्र पाडलं, पाठोपाठ हेन्री मूरनेही तो नाद लावून घेतला. मग दगडाइतकीच दगडातली हवाही बघायची असते, हे लोकांना हळूहळू पटलं. आपल्याला हे इतकं नवं वाटायला नको होतं म्हणा. वेरूळचं सोळा नंबरचं लेणं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, आठव्या शतकातलं कैलास मंदिर, म्हणजे तरी काय? अख्ख्या डोंगरातून वरून खाली दगड काढत काढत गेले आणि जे काढलं नाही ते देऊळ झालं. आपण तिथे उभे राहून फोटो काढतो तो चौक कोणीतरी छिन्नीने तयार केलेली पोकळी आहे.

या खेळातला आजचा सगळ्यात मोठा प्लेयर जन्माने मुंबईचा. अनिश कपूर, जन्म १९५४. शिकागोला प्रोजेक्टवर गेलेल्या प्रत्येकाच्या फोटोंमध्ये त्यांचं ‘क्लाउड गेट’ असतंच. १६८ स्टीलच्या पत्र्यांचा तो आरशासारखा भलामोठा घेवडा २००६ साली पूर्ण झाला. गंमत अशी की, लोक घेवड्यापेक्षा त्याच्या पोटाखालच्या बारा फुटी कमानीत जास्त वेळ घालवतात. कपूर यांचंच १९९२ सालचं एक काम आहे, ‘डिसेंट इंटू लिम्बो’. जमिनीत अडीच मीटर खोल खड्डा, आतून इतका काळा की वरून तो रंगवलेला सपाट गोल वाटावा. २०१८च्या ऑगस्टमध्ये पोर्तुगालच्या पोर्तो शहरातल्या म्युझियममध्ये एक इटालियन प्रेक्षक खरंच त्यात पडला. बाहेर सावधगिरीची पाटी होती. निगेटिव्ह स्पेस खरी असते का, या चर्चेचा निकाल बहुधा त्याच दिवशी लागला.

हे झालं एकाच मटेरियलचं. लॉबीतल्या शिल्पासारखी दोन-चार मटेरियल्स एकत्र आली की प्रकरण आणखी इंटरेस्टिंग होतं. दगड कोरताना पोकळी काढावी लागते. वेगवेगळे तुकडे जोडताना ती बांधावी लागते, म्हणजे चारी बाजूंनी घेरून आणावी लागते. आणि त्या पोकळीची प्रत्येक कड वेगळी असते. एकीकडून लोखंडाची धार, दुसरीकडून लाकडाची मऊ बाजू. मधली हवा तीच, पण ती एका अंगाने टोचते आणि दुसऱ्या अंगाने नाही.

मुंबईत हे काम करून गेलेली दोन नावं आपल्याला खरं तर पाठ असायला हवीत. आदी दावियरवाला (१९२२-१९७५) पेशाने केमिस्ट. एन. जी. पानसरे यांच्याकडे ते शिल्पकला शिकले. तेच पानसरे, ज्यांची उठावशिल्पं फोर्टातल्या न्यू इंडिया अॅश्युरन्सच्या इमारतीवर आहेत. दावियरवालांनी लाकूड, दगड, पोलाद तर वापरलंच, पण लोहचुंबकही वापरले. चुंबकांमधल्या रिकाम्या जागेत ओढ असते, ती डोळ्यांना दिसत नाही पण तुकडे ती पाळतात. दुसऱ्या पिलू पोचखानवाला (१९२३-१९८६). त्या जाहिरात क्षेत्रात होत्या. १९५१ साली कामासाठी युरोपला गेल्या, तिथली म्युझियम्स बघितली आणि शिल्पकार व्हायचं ठरवून परत आल्या. त्यांनी मोडीतलं लोखंड आणि पत्रे जोडून कामं केली. मुंबईच्या सर कावसजी जहांगीर हॉलचं आर्ट गॅलरीत रूपांतर व्हावं म्हणून झटणाऱ्यांत त्या होत्या. तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झालं १९९६ साली, त्या गेल्यानंतर दहा वर्षांनी. हाजी अलीच्या चौकात त्यांचं ‘स्पार्क’ नावाचं शिल्प होतं. आता तिथे ते नाही. चौक मात्र आहे, आणि तिथून रोज जाणाऱ्यांपैकी फार कमी जणांना काय गेलं ते ठाऊक असेल.

इतकं सगळं वाचून, गॅलऱ्या पालथ्या घालूनही, मला पोकळीचं हे गणित खऱ्या अर्थाने दिसलं ते एसी हॉलमध्ये नव्हे. ते दिसलं नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यातल्या काठी गावात, होळीच्या रात्री.

नंदुरबार म्हटलं की आपल्याला मिरची आठवते, फार तर तोरणमाळ. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेप्रमाणे इथले जवळजवळ ६९ टक्के लोक आदिवासी. सातपुड्यातलं काठी हे एके काळचं छोटं मेवासी संस्थान, आणि तिथली ‘राजवाडी होळी’ पंचक्रोशीतच काय, गुजरात-मध्य प्रदेशच्या सीमेपलीकडेही फेमस आहे. गावकरी तिची परंपरा थेट १२४६ सालापासून सांगतात.

होळीची सुरुवात खड्ड्यापासून होते. मधला दांडा म्हणजे साठ-सत्तर फुटी बांबू, तो जंगलातून आणतात. तो उभा राहण्यासाठी खोल खड्डा लागतो आणि तो टिकाव-फावडं न लावता हाताने उकरायची इथली रीत आहे. एकामागून एक माणसं वाकतात, ओंजळभर माती काढतात, बाजूला होतात. म्हातारे, पोरंटोरं, सगळे. मी तिथे उभी राहून मनात म्हटलं, बॉस, पोर्तोच्या म्युझियममध्ये जो खड्डा बघायला तिकीट काढतात, तो इथे गाव स्वतःच्या नखांनी करतंय. आणि यात कोणी पडणार नाही, कारण प्रत्येकाला तो नेमका कुठे आणि किती खोल आहे ते हाताने माहीत आहे. मग त्यात बांबू उतरतो. जितकं पोकळ खाली, तितकं भरीव वर. एरवी एवढा सडपातळ बांबू वाऱ्यात उभा राहिला नसता.

आणि मग येतात बुध्या. खरं सांगते, यांच्यापुढे आमच्या लॉबीतल्या शिल्पांनी मान खाली घालावी.

बुध्याच्या डोक्यावर बांबूच्या कामट्यांचा उंच टोप असतो, त्यावर मोरपिसं. कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरू. अंगावर राखेने आणि पांढऱ्या रंगाने काढलेले ठिपके आणि वर्तुळं. बांबू, पीस, भोपळा, धातू, राख, दोरी आणि माणसाची कातडी. मिक्स्ड मीडिया म्हणायचं तर याहून मिक्स्ड काय असणार? बरं, यात सरळसरळ ‘अमुक वस्तूचं चित्र’ असं काही नाही. हा मोर नाही आणि देवाची मूर्तीही नाही.

आता यातली पोकळी मोजायला लागा. टोपाच्या कामट्यांच्या आत हवा. पिसाच्या दांडीत हवा, पिसाच्या तंतूंमध्ये हवा, म्हणून तर एवढा उंच डोलारा मानेवर पेलवतो. तेवढाच टोप भरीव लाकडाचा केला तर नाच सोडा, मान वर होणार नाही. घुंगरू पोकळ, ढोल पोकळ. अंगावरच्या ठिपक्यांमध्ये जी कातडी रंगवलेली नाही तीच रात्री आगीच्या उजेडात नक्षीसारखी पुढे येते. आणि भोपळा!

मराठीत भोपळ्याला काय किंमत आहे ते तुम्ही-आम्ही जाणतोच. गणितात भोपळा मिळाला की घरी काय व्हायचं, आठवतंय ना? बॅट्समन भोपळाही न फोडता परत येतो. पण त्याच मराठीत लेकीकडून परतणारी म्हातारी वाघा-कोल्ह्यांच्या तावडीतून सुटते ती भोपळ्यात बसूनच. म्हणजे आपल्या आज्यांना पोकळ भोपळ्याचा उपयोग पक्का माहीत होता, मार्कलिस्टवाल्यांनी सगळा घोळ केला. काठीत एक दादा दुपारी कमरेचा पट्टा तयार करत बसले होते. त्यांचं काम मी बराच वेळ बघत बसले. भोपळा वेलीवर पुरता पिकू द्यायचा, मग वाळवायचा. साल लाकडासारखी टणक होते, आतला गर आटतो, बिया सुटतात. दादा एकेक भोपळा कानाशी धरून बोटाने वाजवत होते. ज्याचा आवाज बसका, त्यात अजून ओल. तो बाजूला. एखाद्या शिल्पकाराने इतक्या गंभीरपणे पोकळी पारखताना मी तरी बघितलेला नाही. इकडच्या भागातली पावरीही अशीच, भोपळा आणि बांबू जोडून केलेली. तिच्यातला सूर म्हणजे दोन मटेरियल्सच्या आत कोंडलेला श्वास.

रात्री हा सगळा पसारा हलायला लागतो तेव्हा कळतं की दुपारी आपण जे बघितलं ती नुसती तयारी होती. बुध्या गिरकी घेतो. भोपळे कमरेपासून सुटून बाहेर फेकले जातात, टोप हेलकावे खातो, आणि त्याच्याभोवती हात-दीड हाताची एक जागा तयार होते जिच्यात कोणी शिरत नाही. तो थांबला की ती जागा नाहीशी. असे कितीतरी जण, ढोलाच्या भोवती, रिंगणात, रात्रभर. होळी पेटते ती पहाटे. तोवर कोणालाही घाई नसते. डेडलाइनवर जगणाऱ्या माझ्यासारखीला हे जरा जड गेलं.

दिसत नाही अशी आणखी एक रिकामी जागा त्यांच्या आधीच्या दिवसांत असते. नाचणारे ‘पालनी’ पाळतात. काही दिवस खाटेवर झोपायचं नाही, ब्रह्मचर्य पाळायचं, नेहमीच्या कितीतरी गोष्टी सोडायच्या. मग टोप चढवायचा.

आता मूळ गोष्ट. निघताना पुण्यातल्या एका इंटिरियर डिझायनर मित्राने मला सांगून ठेवलं होतं, ‘‘येताना एक टोप आण गं, नव्या कॅफेच्या भिंतीला मस्त दिसेल. पैशांचं टेन्शन घेऊ नकोस.’’ हे तो वाईट मनाने म्हणाला नव्हता. मी त्या दादांना विचारलं. त्यांनी काम न थांबवता उलट मला विचारलं, ‘‘ताई, डोक्याचं माप काय?’’

टोप डोक्यावर बसतो, म्हणून तो डोक्याच्या मापाने बांधतात. कामट्यांचा खालचा घेर म्हणजे कोणाच्या तरी कपाळाची रिकामी जागा. मी म्हटलं, डोकं नाहीये, भिंत आहे. दादा हसले आणि पुढचा भोपळा कानाला लावला. व्यवहार तिथेच संपला. मोरपिसं हा वेगळाच प्रश्न होता. मोर राष्ट्रीय पक्षी, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित. पावसाळ्याच्या शेवटी मोर पिसारा झाडतात, ती गळलेली पिसं गोळा करत राहायची, तेव्हा कुठे फाल्गुनात टोप उभा राहतो. कॅफेच्या ओपनिंगची तारीख धरून हे होत नाही.

मित्राचं म्हणणं मी पूर्ण खोडून काढत नाही. म्युझियममध्ये, प्रदर्शनात असे टोप ठेवलेच पाहिजेत, नाहीतर मुंबई-पुण्यातल्या पोरांना ते दिसणार कधी? पण काचेच्या पेटीत ठेवलेला टोप बघताना मला हल्ली सारखं वाटतं की, यातलं भरीव तेवढं आणलंय. मानेची जागा, कमरेभोवतीची गिरकी, तो हात-दीड हात अंतर राखणारा जमाव, पालनीचे दिवस, हे सगळं तिकडेच राहिलं. मग खाली पाटीवर बांबू, मोरपीस, भोपळा, घुंगरू अशी यादी छापायची. यादी बरोबर असते, पण तिच्यात कपाळ नसतं. कॅफेत तर यादीही नसेल, फक्त ‘ट्रायबल व्हाइब’.

आणि या जिल्ह्यातली प्रत्येक रिकामी जागा काही कोणी हौसेने केलेली नाही. होळीच्या आधीचे महिने इथल्या अनेक पाड्यांवर कुलपं दिसतात. घरंच्या घरं ऊसतोडीला गुजरातमध्ये गेलेली असतात, आणि होळीला म्हणून माणसं परत येतात. खड्ड्यातली माती काढणाऱ्या ओंजळींत आदल्या आठवड्यापर्यंत कोयता धरणाऱ्या किती असतील कोण जाणे. उत्तरेला नर्मदा आहे. सरदार सरोवराच्या पाण्याची झळ महाराष्ट्रातल्या ३३ गावांना बसली, ती सगळी याच जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेली त्यातलं पहिलं. २०१७मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि पाणी भरत गेलं.

रेचल व्हाइटरीड या ब्रिटिश शिल्पकर्तीने १९९३ साली लंडनच्या पूर्व भागात ‘हाउस’ नावाचं शिल्प केलं होतं. एका पाडायच्या घरात आतून काँक्रीट ओतलं आणि मग भिंती काढून टाकल्या. उरली ती घराच्या आतली पोकळी, दगडासारखी घट्ट. दारं-खिडक्यांचे ठसे उलटे उमटलेले. जानेवारी १९९४ मध्ये तेही पाडलं. तिला त्यासाठी टर्नर प्राइज मिळालं होतं. नर्मदेच्या काठावर उभं राहिल्यावर मला काठीच्या होळीपेक्षाही आधी ते काँक्रीटचं घर आठवलं. पाणी दरीत साच्यासारखं बसलंय. शेतं जिथे उतरत होती तिथे तेही उतरलंय, ओहोळ जिथे आत वळत होता तिथे तेही वळलंय. दरीचा आकार अगदी बिनचूक उमटलाय, फक्त उलटा. त्या पाण्यावर शिल्प म्हणून लिहायला मला जड जातं, पण आकार बघायची सवय लागली की तो दिसायचा थांबत नाही. तिथून उठलेल्या कित्येक कुटुंबांच्या वसाहती आता तळोदा-शहादा बाजूच्या सपाटीवर आहेत.

जायचं असेल तर फाल्गुन पौर्णिमेच्या आसपास सुट्टी टाका. मुंबईकरांनी सुरतमार्गे नंदुरबारला ट्रेनने जावं, तिथून अक्कलकुवा आणि मोलगीमार्गे काठी. शेवटचा टप्पा घाटाचा आहे, तो दिवसाउजेडी संपवा. होळीच्या आधीच्या आठवड्यात सातपुड्यात गावोगाव भोंगऱ्या बाजार भरतात, ते चुकवू नका. हॉटेल वगैरे अपेक्षा ठेवू नका. मार्च असला तरी पहाटे गारठा असतो, स्वेटर घ्या. फोटो विचारून काढा, फ्लॅश बंद ठेवा. आणि रिंगणाच्या कडेला उभं राहताना जरा मागे सरका. भोपळे फिरतात तेव्हा त्यांना लागते तेवढी जागा आपण बाहेरून बघून कधीच नीट ओळखत नाही, शेजारचा कोणीतरी आजोबा दंडाला धरून मागे ओढतो तेव्हा कळते.